माजी खनिज

बारकी पंचेचाळिशीला आली होती, तिला जवळचं वाचायला चष्मा लागला होता, आणि अंगापिंडाने ती बारकी कधीच नव्हती. पण घरात एकदा चिकटलेलं नाव साबणाने जात नाही. चारचौघांत सांगायचं तिचं नाव वेगळं होतं, चांगलं भारदस्त होतं, आणि ते तिच्या आत्याने ठेवलं होतं. त्या घरातल्या झाडून सगळ्या पोरांची नावं आत्यानेच ठेवलेली. नाव ठेवणं हा तिचा हक्क होता आणि नावं ठेवणं हा तिचा छंद. ऐंशी ओलांडली तरी छंदात खंड नव्हता.

आत्या जन्मभर खनिजांच्या संग्रहालयात नोकरीला होती. ती निवृत्त झाली तेव्हा तिची खुर्ची, तिचं भिंग आणि तळघरातले शेकडो खण बारकीकडे आले. प्रत्येक खणात पुठ्ठ्याच्या छोट्या डब्या, डबीत कापूस, कापसावर दगड आणि दगडाखाली चिठ्ठी. चिठ्ठीवर दगडाचं नाव, तो सापडला कुठे आणि आणला कुणी. आत्याने बारकीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की दगडाचं नाव बदललं तर नवी चिठ्ठी वर ठेवायची, पण जुनी फेकायची नाही. ती खाली राहू द्यायची. माणसांनी आधी काय चूक केली तेही दगडाबरोबर राहायला हवं, असं तिचं म्हणणं. काही डब्यांत त्यामुळे दगडापेक्षा चिठ्ठ्याच जाड झाल्या होत्या.

अशाच एका खणाच्या मागच्या कोपऱ्यात एक मळकट ढेकूळ पडून होतं. आत्याने ते तरुणपणी एका मिठाच्या खाणीतून आणलं होतं, आणि चिठ्ठीवर नावाच्या जागी आपल्या ठसठशीत अक्षरात 'नंतर बघू' असं लिहून ठेवलं होतं. हे नंतर उजाडायला पन्नास-पंचावन्न वर्षं लागली. बारकी खण पुसायला म्हणून ते ढेकूळ उचलते काय, त्याला एक चीर असते काय, आणि चिरेच्या आतल्या पोकळीत फिकट गुलाबी सुयांचा झुबका बसलेला असतो काय. तिने एक सुई काढून भिंगाखाली घातली, मग यंत्रात घातली. यंत्राने दिलेले आकडे कुठल्याच पुस्तकात बसेनात. आधी तिला वाटलं यंत्र बिघडलं, मग वाटलं आपणच बिघडलो. वर्षभर उलटसुलट तपासून झाल्यावर शेवटी खात्री पटली, की हे खनिज अजून जगात कुणी ओळखलेलं नाही. आणि न ओळखणाऱ्यांत आत्याचा नंबर पहिला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा.

नव्या खनिजाला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याचा. पण जगभरच्या खनिजांच्या नावांवर नजर ठेवायला एक समिती बसलेली असते आणि तिचे नियम कडक. स्वतःचं नाव द्यायचं नाही. जिवंत माणसाचं द्यायचं तर त्याची लेखी संमती हवी. बाकी दगडाचा रंग, गाव, गुण, अवगुण, काहीही चालतं. अ‍ॅपेटाइट या नावाचा तर मूळ अर्थच 'फसवं' असा आहे, कारण ते कधी या रत्नासारखं तर कधी त्या रत्नासारखं दिसून भल्याभल्यांना चकवत आलं. निकेलच्या नावात खाणीतलं भूत बसलंय. तांबं मिळेल म्हणून खणणाऱ्यांना ते नाही मिळालं, की ते या भुताच्या नावाने बोटं मोडायचे. बारकीला असलं काही नको होतं. तिच्या मनात एकच नाव होतं, आणि त्याची मालकीण दोन गल्ल्या सोडून तिसऱ्या मजल्यावर राहत होती.

संचालकांच्या मनात दुसरंच होतं. संग्रहालयाचं छप्पर गळत होतं आणि एक सिमेंटवाले शेठ ते बदलून द्यायला तयार होते.

"शेठना दगडांची फार आवड आहे," संचालक म्हणाले.

"कुठल्या दगडांची?"

"सिमेंट कशाचं करतात मग?"

शेठची संमती तासाभरात आली, फोटोसकट. फोटो कुणी मागितला नव्हता. संचालक माणूस वाईट नव्हता, फक्त पावसाळ्यात बादल्या लावून थकला होता. ते म्हणाले, "हे बघा, शोध तुमचा, हक्क तुमचा. पण परदेशात कुणाला तरी असंच काही सापडल्याची कुणकुण आहे, तेव्हा सोमवारी आपलं वर्णन समितीकडे गेलंच पाहिजे. त्याच्या आत आत्याबाईंची सही आणा, मी शेठना समजावतो. नाही आणलीत तर मात्र छपराचा विचार करा. तुमच्याच तळघरातल्या खणांपर्यंत झिरपतंय." यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, आणि म्हणूनच ते बारकीला जड गेलं.

शनिवारी ती आत्याकडे गेली. आत्याच्या घरात खिडकीत दगड, फ्रिजवर दगड, चपलांच्या मांडणीवर दगड. न्हाणीघरात साबणाशेजारी एक गुळगुळीत पांढरा दगड असायचा आणि नवखा पाहुणा हमखास तोच अंगाला चोळायचा. आत्या मुद्दाम सांगायची नाही. कोण किती वेळाने ओळखतं यावरून ती माणसाची परीक्षा करायची, आणि घरातले दोन जावई त्यात नापास झाले होते.

बारकीने सगळं सांगितलं. ढेकूळ, सुया, यंत्र, समिती, सोमवार. शेवटी संमतीचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं. आत्याने पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि परत दिलं.

"नको."

"अगं, नीट ऐक तरी."

"ऐकलं. शाब्बास. शोध चांगला आहे. नाव नको. त्या सिमेंटवाल्याचं दे, त्याला हौस आहे."

आता आत्याच्या या 'नको'ला एक इतिहास होता आणि तो घरात सगळ्यांना पाठ होता. बारकी शाळेत असताना आत्याला एक नवं खनिज सापडलं होतं. तिने त्याला आपल्या धाकट्या भावाचं, म्हणजे बारकीच्या बाबांचं नाव दिलं. बाबांचं चष्म्याचं दुकान होतं. दगडांशी त्यांचा संबंध एवढाच, की लहानपणी आत्याबरोबर माळावर जाऊन ते तिची पिशवी वाहायचे आणि दमले की तिच्या नकळत त्यातले दोन-तीन दगड फेकून द्यायचे. पण नाव लागल्यावर बाबा हरखून गेले. दुकानाच्या काचेत, चष्म्यांच्या फ्रेमा बाजूला सारून, त्यांनी त्या खनिजाचा तुकडा मखमलीवर मांडला. खाली पुठ्ठ्यावर स्वतःचं नाव, त्याला खनिजांच्या नावांची 'आइट' ही शेपटी. गिऱ्हाईक नंबर तपासायला बसलं की बाबा म्हणायचे, पहिली ओळ वाचा, आणि समोर तोच पुठ्ठा धरायचे.

काही वर्षांनी नवी यंत्रं आली आणि त्या यंत्रांनी सांगितलं, की हे खनिज नाहीच. दोन अगदी साधी खनिजं एकमेकांत इतकी घट्ट गुंतून वाढलेली, की जुन्या भिंगाला ती एकच वाटली. समितीने नाव यादीतून काढून टाकलं. आत्या स्वतः दुकानात जाऊन भावाला ते सांगून आली. बाबा हसले. म्हणाले, "दोन साध्यांची भेसळ? मग तर मीच आहे, आईवडील दोघंही साधेच होते." त्यांनी पुठ्ठा उलटा केला, मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात 'माजी खनिज' असं लिहिलं, आणि तुकडा काचेतच राहू दिला. माजी आमदार असतात तसं. दुकान चाललं तोवर तो तिथेच होता. बाबा गेल्यावर दुकान विकलं, आणि तुकडा पुठ्ठ्यासकट आत्याच्या उशाशी आला.

बाबा हसले म्हणून सगळं घर हसलं. आत्या मात्र त्या गोष्टीवर एकदाही हसली नाही.

"बाबांसारखं होईल अशी भीती वाटते ना तुला?" बारकीने विचारलं. "होणार नाही. मी सतरा वेळा तपासलंय."

"मीही तपासलं होतं. खात्री मलाही होती. माझी खात्री तर तुझ्याहून जाड होती."

"तेव्हाची यंत्रं वेगळी होती, आत्या."

"आणि आत्ताची यंत्रं शेवटची आहेत का? उद्या दुसरं येईल. मग तू येशील तोंड पाडून आणि मला सांगशील, आत्या, तू भेसळ निघालीस. दगडापेक्षा वीट मऊ, तसं म्हणून शेठचं नाव दे. त्याचं काढलं तर निदान तो रडणार नाही, वकील लावेल."

बारकीला माहीत होतं, की आत्याशी वाद म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून तिने पर्समधून काचेची नळी काढली. नळीला रबराचं बूच, आत ओल शोषणारी पुडी, आणि तिच्यावर त्या गुलाबी सुयांचा सगळ्यात देखणा झुबका. संग्रहालयात कायमचा ठेवायचा म्हणून निवडलेला. खरं तर तो बाहेर आणायचाच नव्हता. पण बारकीला वाटलं, आत्याने एकदा डोळ्यांनी बघितलं की विरघळेल. विरघळण्याचा विचार तिने करायला नको होता.

आत्याने नळी उजेडात धरली. भिंग लावलं. नळी फिरवून फिरवून बघितली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "यात आहे काय काय?"

"मॅग्नेशियम, बोरॉन, पाणी..." बारकी अभिमानाने सांगायला लागली.

"शिसं? आर्सेनिक?"

"छे, विषारी काहीच..."

तिचं वाक्य पुरं होईपर्यंत बूच निघालं होतं, झुबका आत्याच्या तळहातावर आला होता आणि आत्याची जीभ त्यावर. हे एक दगडवाल्यांचंच वेड. परकं माणूस दगड हातात आला की बघतं, फार तर वास घेतं. जुना दगडवाला तो चाटतो. दगड ओला झाला की रंग उघडतो, आणि मिठाच्या जातीचा असला तर चवीवरून जात कळते. आत्याने आयुष्यभर तेच केलं होतं. फक्त हा दगड पाण्यात विरघळणारा होता, आणि जगात त्याचा एवढा मोठा झुबका दुसरा नव्हता.

बारकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आत्या, तो नमुना होता."

"गप्प. चव घेतेय."

"अगं, तोच ठेवायचा होता संग्रहालयात."

आत्याने डोळे मिटले होते. ती तोंडातल्या तोंडात जीभ फिरवत होती, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं वय उतरून ती कुठल्यातरी खाणीच्या तोंडाशी उभी असल्यासारखी दिसत होती. बारकीला संताप आला होता, रडू येत होतं, आणि त्यातही ते तोंड बघून हसू येत होतं. आपल्या उरलेल्या सुया किती आहेत हे ती मनात आठवून बघत होती. ढेकळात होत्या, बारक्या होत्या, पण होत्या. काम भागलं असतं.

"आधी कडू," आत्या शेवटी म्हणाली. "गार, कडू. आणि मग मागाहून गोड. पण एकातून दुसरं येतं. दोन वेगळे खडे असते तर दोन चवी एकदम आल्या असत्या, भांडत आल्या असत्या. हे एकच आहे." तिने डोळे उघडले. "खरं आहे, बारके. भेसळ नाही. मला आता कुणाचं यंत्र नको."

बारकीने लगेच पेनाचं टोपण काढलं. "मग कर सही."

आत्याने तळहात पदराला पुसला आणि कागद हळूच बाजूला सारला. या वेळी तिचा आवाज खालच्या पट्टीत होता. "खोटं निघेल म्हणून नको म्हणाले, ते खोटं होतं. खरं निघालं तरी नकोच. त्याचं पुसलं गेलं आणि माझं राहायचं? कुठल्या तोंडाने? त्याने माझ्या पिशव्या वाहिल्या, मी त्याला नाव दिलं आणि मीच जाऊन काढून घेतलं. तो हसला गं. पण त्या दिवशी दुकानातून निघाल्यावर मी मागे वळून बघितलं, तर तो पुठ्ठा हातात घेऊन नुसता बसला होता. आणि आता त्याच यादीत माझं नाव झळकायचं? तो नसता तर मी कोण होते? लग्न केलं नाही, पोरं नाहीत. नुसती दगड चाटणारी बाई. त्याला पोरं झाली म्हणून मी आत्या झाले. दूधवाल्यापासून तुमच्या संचालकापर्यंत सगळे आत्याबाई म्हणतात. माझं खरं नाव घेऊन हाक मारली तर मी वळून तरी बघेन का, कोण जाणे."

बाबांची आठवण काढून बारकी कधी रडत नसे, कारण बाबा आठवले की हटकून विनोदच आठवायचे. आज मात्र तिला पुठ्ठा हातात धरून बसलेले बाबा दिसले आणि तिचे डोळे भरून आले. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. आत्याने चहा टाकला. दोघींनी तो बिस्किटं बुडवून प्यायला, आणि आत्याने शेजारणीच्या नव्या पडद्यांना नावं ठेवली, तेव्हा कुठे हवा जरा हलकी झाली.

सोमवारी सकाळी संचालक बारकीच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "सही?"

"नाही दिली."

"मग शेठ." ते विजयाने म्हणाले नाहीत, पण वर छताकडे बघून मात्र म्हणाले.

समोर वर्णनाचा मसुदा उघडा होता. रंग, फिकट गुलाबी. आकार, सुईसारखा. चव, या रकान्यात बारकीने कालच लिहिलं होतं, आधी कडू, मागाहून गोड. हे लिहिताना तिच्या मनात आलंच होतं, की हे दगडाचं वर्णन आहे की म्हातारीचं. नावाचा रकाना तेवढा रिकामा होता. त्याच्या शेजारी नावाचा अर्थ आणि मूळ. ती त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिली आणि तिला वाटलं, माझंही खरं नाव कुठे कोण घेतं? ज्या नावाला माणूस वळून बघतो, ते त्याचं नाव.

"सर," ती म्हणाली, "संमती व्यक्तीच्या नावाला लागते ना? नात्याच्या नावाला लागते का?"

संचालकांनी नियम दोनदा वाचला. नात्याबद्दल समितीला काही सुचलेलं दिसत नव्हतं. "नाही लागत," ते सावकाश म्हणाले.

तिने नावाच्या रकान्यात लिहिलं. मग अर्थाच्या रकान्यात लिहिलं. ते लिहिल्यावर ती थांबली, कारण लिहून होईपर्यंत तिच्याही लक्षात आलं नव्हतं आपण काय लिहितोय. संचालकांनी तिच्या खांद्यावरून वाचलं. झुबक्याचं काय झालं ते बारकीने त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "शेठना सांगतो, छपरावरच त्यांचं नाव घालू. दगडापेक्षा मोठं दिसेल, आणि चाटून कुणाला संपवता येणार नाही." शेठना ते फार पटलं. सध्या त्यांचं नाव छपरावर इतक्या मोठ्या अक्षरात आहे, की पलीकडच्या रस्त्यावरून वाचता येतं.

समितीचं उत्तर यायला पुष्कळ महिने लागले, पण आलं ते होकाराचं. बारकी आत्याला घेऊन तळघरात आली. आत्याला तिने काहीच सांगितलं नव्हतं, फक्त दगडाला नाव मिळालं एवढंच. आत्या वाटेत शेठच्या नावाला शेपटी कशी लावली असेल यावर तोंडसुख घेत होती. बारकीने खण ओढला. डबीत कापूस, कापसावर नळी, नळीत उरलेल्या सुया. नळीचं बूच तिने खबरदारी म्हणून चिकटवून टाकलं होतं.

आत्याने भिंग लावून चिठ्ठी वाचली. नाव, आत्याइट. अर्थ, आत्या, म्हणजे वडिलांची बहीण.

"सही कुणाची घेतलीस?"

"कुणाची लागली नाही. ही कुणी एक बाई नाही. नातं आहे."

आत्या पुन्हा वाचायला वाकली. या वेळी तिचं बोट फक्त 'वडिलांची' या शब्दावर होतं आणि ते तिथून हलेना. भिंगाची काच धुरकट झाली, तिने ती पदराने पुसली, पुन्हा लावली, पुन्हा धुरकट झाली.

"म्हणजे आता त्याला काढायचं तर आधी मला काढावं लागेल," ती म्हणाली.

"हो."

"आणि मला काढता येत नाही. मी चाखून बघितलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय उघडायच्या आधीच आत्या एकटी रिक्षा करून आली. तिच्या हातात चष्म्याच्या दुकानातला तो जुना पुठ्ठा होता, कडा झिजलेला, एका बाजूला भावाचं नाव आणि दुसऱ्या बाजूला 'माजी खनिज'. डबीत मावावा म्हणून तिने तो कात्रीने चहूबाजूंनी बेताने कापून आणला होता, अक्षरं सांभाळून. बारकीला वाटलं ती काहीतरी बोलेल. पण आत्याने कापूस उचलला, पुठ्ठा नावाची बाजू वर करून नव्या चिठ्ठीच्या खाली सरकवला आणि कापूस नीट बसवला.

"जुनी चिठ्ठी फेकायची नसते," ती म्हणाली, आणि खण लावून घेतला.